रोजच्या चार बुटक्या

माझ्या मावशीचं काम बाटल्या बघायचं होतं. हे सांगितलं की लोकांना आधी हसू यायचं. "म्हणजे? नुसतं बघायचं?" हो, नुसतं बघायचं. शीतपेयाच्या कारखान्यात धुतलेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक येत. त्यांच्या मागे दिवे लावलेला पांढरा पडदा असे आणि पडद्यासमोर स्टुलावर बसून मावशी प्रत्येक बाटलीच्या पोटात बघे. काडी, कागदाचा कपटा, झुरळाचा पाय, कुणा महाभागाने आत टाकलेलं सिगारेटचं थोटूक. असलं काही दिसलं की ती बाटली बाजूला. पेय भरून झाकण लागलेल्या बाटल्या पुन्हा दुसऱ्या पडद्यासमोरून जात, तिथेही बघायचं. पण सलग अर्ध्या तासाहून जास्त वेळ बसायचं नाही असा नियम होता. त्यापुढे डोळे उघडे राहतात पण दिसेनासं होतं, असं मावशीच सांगायची.

कारखान्यात तिला दुर्बीण म्हणत. बावीस वर्षांत तिच्या पाळीतली एकही बाटली तक्रार होऊन परत आली नाही. हे ती स्वतःहून सांगायची नाही, पण कुणी विषय काढला तर मान जरा ताठ करायची. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणतात ते मी तिच्यात पाहिलं. घरी आल्यावर खरोखरच डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पंधरा मिनिटं पडून राहायची, तेव्हा तिच्याशी बोलायची आमची टाप नव्हती.

आणि हिच्याच घरात, हिच्या डोळ्यांदेखत, आधी काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, पाय गेला आणि मग काका. लोक 'दिव्याखाली अंधार' म्हणून मोकळे झाले. म्हण तोंडावर फेकायला लोकांचं काय जातं? त्या घरात मीही राहत होते आणि मलाही दोन डोळे होते. म्हणून मावशीबद्दल लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवणार नाही.

मी दहा वर्षांची असताना माझी आई गेली. त्यानंतर महिन्याभरात मावशी मला घेऊन आली. तिला मूल नव्हतं. दोन खोल्यांचं घर, रस्त्याच्या पातळीवर, पुढच्या खोलीत खिडकीशी काकांचं शिलाई मशीन. काका शिंपी. नवे कपडे त्यांच्याकडे फारसे येत नसत. लांडी करायची पँट, ढिली करायची कंबर, बदलायची चेन, उसवलेली शाळेची दप्तरं, असलंच सगळं. दिवसभर अनवाणी पायांनी मशीनचं पायडल मारत बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्याला खिडकीतून चिमटे काढायचे. नाकासमोर चालणारा माणूस, फक्त जीभ तेवढी तिरकी.

पहिल्याच संध्याकाळी मावशीने पिशवीतून चार बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. नारिंगी रंगाच्या, थंडगार. मला वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम आणल्यात. मी संकोचून म्हटलं, "एवढ्या कशाला आणल्यास?"

काका हसले. "अगं, तुझ्यासाठी नाहीत, या रोजच्याच आहेत. बुटक्या म्हणतात यांना."

बाटली लहान होती म्हणून बुटकी नव्हे. यंत्राने भरताना काही बाटल्यांत पेय दोन बोटं कमी पडायचं. अशी बाटली दुकानात पाठवता येत नसे. दुसऱ्या पडद्यावर ती बाजूला काढायची आणि पाळी संपली की बायका त्या वाटून घ्यायच्या, प्रत्येकीला चार. रिकाम्या बाटल्या मात्र दुसऱ्या दिवशी मोजून परत. कारखान्याच्या आसपासच्या तीन गल्ल्यांत असं घर नव्हतं जिथे उंबऱ्याशी चार रिकाम्या बाटल्या उभ्या नसत.

काका मशीनच्या लोखंडी कडेवर झाकण टेकवून फटकन बाटली उघडायचे आणि म्हणायचे, "फुकट ते पौष्टिक!" एक बाटली माझी, तीन त्यांच्या. मावशी स्वतः थेंबही पीत नसे. दिवसभर तेच बघून तिला त्याची शिसारी आली होती. आता वाटतं, ती प्यायली असती तर बरं झालं असतं. निदान तीन जणांत वाटणी झाली असती.

आमच्या नळाचं पाणी मचूळ होतं. चहात चालायचं, भातात चालायचं, पण नुसतं घोटभर प्यायलं तर तोंडाला खिळे चघळल्याची चव यायची. त्यामुळे तहान लागली की बुटकी. जेवताना घास अडकला, बुटकी. उन्हातून कुणी आलं, बुटकी. दूध आलं का, केर काढला का, असं आम्ही एकमेकांना विचारायचो, पण आज बाटल्या किती प्यायलास असं त्या घरात कधी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

चौदाव्या वर्षापर्यंत माझ्या तीन दाढा काढाव्या लागल्या. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "चॉकलेटं फार खातेस का?" मी नाही म्हटलं. मावशीनेही ठासून सांगितलं, "आमच्या घरात गोडाधोडाचं वेड नाही हो." डॉक्टरांनी ब्रश नीट करायला सांगितलं आणि मी बिचारी दिवसातून तीनदा ब्रश करू लागले. पुढे नोकरीला लागल्यावर माझ्या कचेरीत पाण्याचं यंत्र होतं. तिथे मला साध्या पाण्याची सवय लागली आणि माझी बुटकीही काकांकडे गेली. मी फार मोठं मन केलं असं तेव्हा वाटलं होतं.

काकांना पन्नाशी उलटल्यावर सारखी तहान लागायला लागली. चेहरा उतरला, पँटचा पट्टा आणखी दोन भोकं आत गेला. काका म्हणायचे, "शिंप्याला बरं असतं, स्वतःची कंबर स्वतःच कमी करता येते." मावशीनेच हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, साखर निघाली, आणि ती चांगलीच जास्त.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने सगळं विचारलं. चहात साखर किती, मिठाई खाता का, भात किती, फळं कुठली. काकांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. काय काय पिता, हेही विचारलं असावं. काका म्हणाले असतील चहा. त्यांनी दारूला कधी हात लावला नव्हता. बाटल्यांचं नाव ना काकांच्या तोंडी आलं, ना शेजारी बसलेल्या मावशीच्या. लपवायचं म्हणून नव्हे. त्या दोघांना आठवलंच नाही. आपण श्वास घेतो हे डॉक्टरांना सांगायचं कुणाला आठवतं?

त्या दिवसापासून मावशीने घराचा कायापालट केला. साखरेचा डबा शेजारच्या घरी गेला. कोरा कडू चहा आम्ही तिघांनीही प्यायला सुरुवात केली, काकांना एकटं वाटू नये म्हणून. भात एक मूद, तीही ती स्वतः दाबून मोजायची. गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून भिंतीवर कागद चिकटवला. सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी. गोळी तळहातावर ठेवायची, मशीनशेजारची बाटली उचलायची आणि घोटाबरोबर गिळायची. मी स्वतः कितीदा त्यांच्या हातात ती बाटली दिली आहे.

दोन वर्षं साखर काही उतरेना. डॉक्टर गोळ्या वाढवायचे, आकडा तिथेच. शेवटी ते वैतागले. "काका, तुम्ही काहीतरी चोरून खाताय. माझ्याशी खोटं बोलून माझं काही बिघडत नाही, बिघडणार तुमचंच."

काका घरी आले ते फणफणतच. "मी आजवर कुणाच्या कापडातली वीतभर चिंधी ठेवून घेतली नाही, आणि हा मला चोर म्हणतो!"

मावशीच्या मनात मात्र पाल चुकचुकलीच. त्यांचा सदरा धुवायला घेताना ती खिसे उलटे करून बघू लागली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारून आली. एकदा तिला पँटच्या खिशात चॉकलेटचा चकचकीत कागद सापडला आणि मग जे महाभारत झालं ते मी विसरणार नाही.

"हे काय आहे?"

"कागद आहे."

"ते दिसतंय मला! खाल्लं कुणी?"

"अगं, ती पँट माझी नाहीच. गिऱ्हाइकाची आहे, चेन बदलायला आलीये!"

पँट खरंच गिऱ्हाइकाची होती. मी पोट धरून हसले, काकाही हसले. मावशीला मात्र रडू फुटलं. "तुम्ही हसा. माझ्या जिवाला घोर लागलाय इथे," म्हणाली आणि आत गेली. काकांना वाईट वाटलं. त्यांना तसं वाईट वाटलं की घसा कोरडा पडायचा. त्यांनी हात लांबवून बाटली घेतली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा आम्ही तिघं रोज धुऊन-पुसून परत करत होतो.

मग टाचणीचं प्रकरण झालं. कापड खुणेसाठी टोचायची साधी टाचणी. एका रविवारी मी पुढची खोली झाडत होते, तेव्हा मला फरशीवर आणि पायडलवर तपकिरी डाग दिसले. मी काकांना पाय वर करायला सांगितलं. तळव्यात टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली होती आणि भोवतीची जागा काळपट झाली होती. किती दिवस पायडल मारत होते देव जाणे. काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आयला, ही माझीच की! मी तिला शोधत होतो." त्यांना काहीही दुखत नव्हतं. त्या न दुखण्यालाच मी घाबरले.

इस्पितळात नेलं तेव्हा जखम आत चरली होती. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. "दहा-बारा दिवस आहेत. साखर उतरली तर औषधाला वाव मिळेल, पाय वाचेल. नाही उतरली तर गुडघ्याखालून काढावा लागेल." मावशीने विचारलं, "मशीन मारता येईल का हो त्यांना?" डॉक्टरांना वाटलं ती बरं झाल्यानंतरचं विचारतेय. ती पाय गेल्यावरचं विचारत होती.

मावशीने रजा काढली नाही. रजा घेतली की पडद्यावर दुसरी बसते आणि मग जागा परत मिळत नाही. सकाळी ती कारखान्यात, दिवसभर काका सिस्टरांच्या हवाली, संध्याकाळी आम्ही दोघी. इस्पितळाचं जेवण काका निमूट जेवायचे. इन्शुलिनच्या सुया निमूट टोचून घ्यायचे. त्यांनी एकच तक्रार केली, "इथलं पाणी घशाखाली उतरत नाही गं."

मी कचेरीतून सुटले की घरी जायचे, चार बुटक्या पिशवीत घालायचे, वर टॉवेल टाकायचे आणि बस पकडून इस्पितळात. त्या लपवायच्या म्हणून टॉवेल नव्हता, गार राहाव्यात म्हणून ओला करून टाकायचे. काकांच्या खाटेशेजारच्या कपाटात ठेवायचे, काका त्या रात्रीतून संपवायचे. माणूस मरणाच्या दारात असताना त्याला त्याच्या आवडीचं काहीतरी देतोय, एवढंच समाधान. रोज सकाळी साखर तपासायचे, रोज आकडा चढाच. इन्शुलिन वाढवलं, तरी चढाच. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून निघून जायचे. मावशी देवाला बोल लावायची.

नवव्या दिवशी दुपारच्या सिस्टरची बदली पाळी होती, म्हणून ती संध्याकाळी आली. जाडजूड, कडक आवाजाची बाई. काका गोळी घेत होते. तिने हातातली थाळी खाली ठेवली.

"हे काय पिताय?"

"बुटकी," काका म्हणाले.

तिने बाटली घेतली, वास घेतला, मग कपाट उघडलं. आत तीन. "हे कोण आणतं?"

मी म्हटलं, "मी."

"रोज?"

"रोजच. घरीही हेच पितात. आमच्या मावशीच्या कारखान्यातलं आहे, अगदी स्वच्छ असतं."

ती सिस्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आम्हा दोघींना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली आणि बाकावर बसली. "अगं मुली, एका बाटलीत पाच-पाच चमचे साखर असते. तुम्ही शिकलेली माणसं ना?" मावशी माझ्याशेजारी उभी होती. तिने बोटांवर हिशेब केला. चार बाटल्या, वीस चमचे. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बराच वेळ तिला कुणालाच उठवता येईना.

बाटल्या बंद झाल्या. दोन दिवसांत साखर उतरायला लागली. पण जखमेने तोवर पाय खाल्ला होता. बाराव्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला. नऊ दिवसांच्या छत्तीस बाटल्या मी माझ्या हाताने नेल्या होत्या. त्या नेल्या नसत्या तर काय झालं असतं हे मी त्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आता तो विचार करू नका." म्हणजे मला उत्तर मिळालं.

काकांना बाटल्यांचं सांगायचं काम मावशीने स्वतःकडे घेतलं. घरी आणल्यावर, त्यांच्या लोंबणाऱ्या पायजम्याची नळी दुमडून टाचत असताना तिने सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. त्यांचा विश्वासच बसेना.

"बुटक्यांनी? अगं, पण त्या तर तू बघून आणायचीस."

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. आयुष्यभर चिमटे काढणारा माणूस त्या एका वाक्यात अगदी सरळ बोलला. मावशीने टाचणी तोंडात धरली होती ती तशीच धरून ठेवली आणि पायजमा संपवला.

मशीनला मोटर बसवली, पण एका पायाने दाबायचं गणित काकांना जमलं नाही. टीप वेडीवाकडी जायची. गिऱ्हाइकं काही म्हणत नसत, फक्त पुढच्या वेळी दुसरीकडे जात. काका खिडकीत बसून राहायचे आणि रस्त्यावरच्या कुणालाही काही बोलायचे नाहीत. आठ महिन्यांत मूत्रपिंडांनी हात टेकले. शेवटच्या आठवड्यात त्यांना पाणीसुद्धा मोजून द्यायचं होतं, दिवसाला चार पेले. मचूळ पाणी ते ओठांवर धरून ठेवायचे. पाचवा पेला मागायचे आणि मावशी नाही म्हणायची. असं नाही म्हणता म्हणता ते गेले.

त्या दिवशी उकाडा मरणाचा होता. काकांना पोचवून माणसं परत आली, दोन खोल्यांत पाऊल ठेवायला जागा नव्हती. नळाचं पाणी गेलेलं. कारखान्यातल्या बायका पाळी सुटल्यावर तशाच आल्या होत्या. मावशीबरोबर अठरा वर्षं पडद्यावर बसलेली, गालावर तीळ असलेली तिची मैत्रीण सगळ्यांच्या पुढे होती. कोण रडतंय, कुणाला भोवळ येतेय, सगळं तिने हातात घेतलं. तिच्याबरोबरच्या दोघींनी मिळून दारातून बुटक्यांचा एक क्रेट आत आणला आणि माणसांत बाटल्या फिरू लागल्या. वाईट हेतूने कुणी काही केलं नाही. घरात पाणी नव्हतं आणि माणसं तहानलेली होती, एवढंच त्यांना दिसलं.

मावशी आतल्या खोलीत होती. झाकणं उघडल्याचा आवाज ऐकून ती बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर सुटलेला. तिने क्रेट पाहिला. क्रेटमधली बाटली काढली, मोरीत उपडी केली. दुसरी काढली. मैत्रीण तिच्या हाताला धरू लागली, "अगं, काय करतेस, लोक बघतायत."

"बघू देत," मावशी म्हणाली. "बघायला तर हवंच."

"वेडी झालीस का? अगं, लेकरं आहेत, तहानली आहेत."

"तुझा नवरा रोज किती पितो गं?"

मैत्रिणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग तिला रागच आला. "तुझं दुःख मोठं आहे, कबूल. पण म्हणून आमच्या घरात नाक खुपसू नकोस," म्हणाली आणि चपला घालून निघाली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. ज्यांच्या हातात बाटल्या होत्या त्यांना ठेवाव्यात की संपवाव्यात कळेना. काहींनी घाईने संपवल्या.

क्रेट रिकामा झाला. मावशी ओल्या हातांनी वळली आणि खोलीभर फिरून जमिनीवरच्या, खिडकीतल्या, लोकांच्या हातातल्या बाटल्या गोळा करू लागली. मी मशीनशेजारी बसले होते, काकांच्या स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून. सकाळपासून रडून माझा घसा सुकला होता. मावशी माझ्यासमोर येऊन थांबली. तिने हात पुढे केला.

मला कळेना ती काय मागतेय. मग मी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात बाटली होती आणि ती रिकामी होती. कुणी दिली, मी कधी प्यायले, मला काही आठवेना. जिभेवर गोड चव मात्र होती.